म्हणजेसाहेब

त्या माणसाला काहीही सांगा, तो आधी विचारायचा, "म्हणजे?" ऊन फार आहे म्हटलं, तर "फार म्हणजे?" स्वयंपाकी म्हणाला भाजी झाली, तर "झाली म्हणजे? शिजली, की नुसती चुलीवरून उतरवली?" दवाखान्यात येऊन त्याला आठवडा झाला नसेल, तोच सगळे त्याला म्हणजेसाहेब म्हणू लागले. एकदा डॉक्टरांच्याच तोंडून ते नाव त्याच्यासमोर निसटलं. त्यानं चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजेसाहेब म्हणजे?" हसायचं की पळायचं, हेच कोणाला कळेना.

मी त्या वेळी वर्ध्याजवळच्या त्या दवाखान्यात अडकून पडलो होतो. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि नागपूर राजधानी होती. मी नाचणगावचा, धंद्यानं बैलांचा दलाल. बापानं मागे एक फाटकी घोंगडी ठेवली होती. बाकी सगळं मी माझ्या जिभेवर आणि बोटांवर मिळवलं. बोटांवर अशासाठी, की बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि व्यापारी दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालू असतात. बैलाचा धनी शेजारी उभा असतो, पण त्यालाही सौदा ठरेपर्यंत पत्ता लागत नाही. या कामात माझ्यासारखा हात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत नव्हता. मग कोपरावर एक फिका चट्टा आला, दोन बोटं वाकडी होऊ लागली, आणि एका बाजारी माझ्या दुपट्ट्याखाली कोणी हातच घातला नाही. मी दुपट्टा पसरून बसलो आणि संध्याकाळी गुंडाळून उठलो.

महारोग्यांच्या त्या दवाखान्यावर पहारा नव्हता. फाटक दिवसभर उघडं असायचं. मला त्या उघड्या फाटकाचाच राग यायचा. कुलूप असतं तर तोडलं असतं. बाहेर पाऊल टाकलं तर रस्ता सरळ माझ्या गावाला जात होता, पण गावात मला दारात उभं करणारं कोणी नव्हतं. बायको डबा पाठवायची, तो आणणारा फाटकाबाहेर ठेवून मागं फिरायचा. माझ्या जागेवर बाजारात माझा भाचा नत्थू बसू लागला होता. त्याला बोटं दाबायला मीच शिकवलं होतं. मला हवा होता फक्त एक कागद. डॉक्टरांच्या सहीचा, "बरा" असं लिहिलेला. तो हातात आला की पेरणीआधीच्या उन्हाळी बाजारात मी परत बसणार होतो.

पूर्वी तिथं कडू तेलाच्या सुया टोचत. मग पांढऱ्या गोळ्या आल्या. डॉक्टर म्हातारे होते, मायाळू होते, आणि आयुष्यभर तेलाच्या सुया टोचून थकले होते. त्या गोळ्यांवर त्यांचा जीव होता. रोग्यांच्या कार्डांवर जिकडेतिकडे "बरा" लिहिलेलं होतं. म्हणजेसाहेब आला तो गोळ्यांनी खरंच किती बरे झाले हे मोजायला. तो डॉक्टर नव्हता. आकडेशास्त्र शिकलेला, पुण्याकडचा, किडकिडीत माणूस. मी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "साहेब, गोळी गुण देते हे तर मोठमोठ्या इस्पितळात पाह्यलं ना? मंग तुमी इथं काय पाहून राह्यले?"

तो म्हणाला, "तिथं रोग्याला खाटेवर निजवून, समोर उभं राहून गोळी देतात. तिथं गुण येतो हे मला मान्य आहे. पण ज्याचे बैल वखराला गेलेत, ज्याच्या वाटेतल्या नाल्याला पूर आलाय, ज्यानं अर्ध्या गोळ्या भावाला दिल्यात आणि उरलेल्या लग्नाच्या गडबडीत विसरलाय, त्याला गुण येतो का? औषध खरं तर त्याला घ्यायचंय."

मला ते पटलं. धंद्यातला माणूस वाटला. पुढे तो माझ्याच मुळावर येईल हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

त्याचं आणि कंपाउंडरचं पहिल्या आठवड्यातच वाजलं. कार्डं चाळताना त्यानं विचारलं, "हे जे मध्येच यायचे थांबले, त्यांचं काय झालं?"

"बरे झाले, म्हणून नाई येत," कंपाउंडर म्हणाला.

"की येत नाहीत, म्हणून तुम्ही बरे धरलेत?"

कंपाउंडर लाल झाला. "साहेब, दुखत असतं तर आलेच असते ना!"

"मेले असते तर आले असते का?"

त्यानंतर त्याचा हट्ट सुरू झाला, की येणाऱ्यांना पाहून भागणार नाही, न येणाऱ्यांच्या घरी जायचं. त्याला बंडी हाकणारा हवा होता. मला जिल्ह्यातली गावं तोंडपाठ, बैलही माझ्या आवाजात चालायचे. मी म्हटलं मी येतो. महिनोन्महिने मी त्या फाटकाबाहेर फक्त पाहत होतो. निदान बाहेर तरी पडता येईल.

बंडीत बसवायला त्याच्याइतका वाईट माणूस मी पाहिला नाही. बैल मुतायला थांबला तरी का थांबला ते विचारायचा. पण काळ्या मातीत चाक रुतलं की न सांगता खाली उतरायचा आणि पांढऱ्या धोतरासकट चाकाला खांदा लावायचा. पहिल्याच दिवशी त्याला तहान लागली, तेव्हा माझ्या लोट्यातलं पाणी त्यानं वरून न ओतता लोटा तोंडाला लावून प्यायलं. मी बघतच राहिलो. त्याबद्दल मात्र त्यानं काही विचारलं नाही, आणि मीही नाही.

कोणत्या घरी जायचं हे तो चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. मी म्हणायचो, "साहेब, रस्त्यावरचे घरं करू, दोन दिवसांत मोकळे होऊ." तो म्हणायचा, "रस्त्यावरची घरं पाहिली तर रस्त्यावरच्यांचंच कळेल, दलालभाऊ. आतल्यांचं कोण सांगणार?" मग टोपी उलटी करून त्यात चिठ्ठ्या. केळझरला देवळाच्या पायरीशी त्यानं हा खेळ मांडला तेव्हा लोक गोळा झाले. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "बक्षीस काय हाये बावा?" साहेब म्हणाला, "ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या घरी मी जाणार." म्हातारा मागं सरकला. "मंग माह्यी नका टाकू," म्हणाला. साहेबानं ते हसण्यावारी नेलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाला, "हाही एक अडचणीचा मुद्दा आहे. ज्याला नको आहे तो वेगळा असतो, त्याला वगळलं की हिशेब चुकतो."

अल्लीपूरची बुढी चिठ्ठीनंच निघाली. गावाच्या कडेला, गोठ्यामागं एका खोपटात राहायची. तिच्या कार्डावर "बरी" लिहिलेलं होतं. ती दारात बसून तूर निवडत होती. साहेबानं नमस्कार केला आणि विचारलं, "काय आजी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाये बाप्पा. या, बसा," ती म्हणाली.

साहेब खाली बसला. तिच्या एका पायावर चिंधी गुंडाळलेली होती. त्यानं विचारून ती सोडली. तळव्यात एवढं मोठं छिद्र, की माझ्यासारख्या माणसानं तोंड फिरवलं. तिला मात्र दुखत नव्हतं. पाय तिचा नसल्यासारखी ती तूर निवडत होती.

"आजी, तुम्ही तर बरी म्हणालात. बरी म्हणजे?"

बुढी चिडली. "म्हंजे काय म्हंजे? तुमी पाव्हण्यावानी पुसलं, म्या पाव्हण्यावानी सांगतलं. दारात आलेल्या माणसापुढं रडगाणं गाऊ का? तुमच्या मायले कोणी पुसलं तर ते काय सांगन?"

"बरी आहे, असंच म्हणेल," साहेब हळूच म्हणाला.

"मंग!"

"आणि दवाखान्यात कंपाउंडर काय विचारायचे तुम्हाला?"

"असंच. बरी हायेस का बुढे? म्या म्हणे, बरी हाये बाबा. मंग थो लिवे काहीतरी अन् म्हणे, जाय."

परतताना बैल थांबला तरी साहेबानं का ते विचारलं नाही. पहिल्यांदाच. वाटेत त्यानं अचानक मला विचारलं, "दलालभाऊ, तुम्हाला कंपाउंडर काय विचारतो?"

"बरा हायेस का."

"आणि तुम्ही?"

"बरा हाये, म्हणतो. दुसरं काय म्हणीन?" मी बोलून गेलो, आणि मग लक्षात आलं, काय बोललो ते. माझा कागद डॉक्टरांच्या टेबलावर सहीसाठी ठेवलेला होता. त्या एका शब्दाच्या जोरावर. आणि तो कागद थांबवणं ज्याच्या हाती होतं त्याला मीच बंडीत घालून अल्लीपूरला नेलं होतं, मीच परत आणत होतो.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांपुढं बसला. मी खिडकीबाहेरून ऐकत होतो. तो म्हणाला, "कार्डांवरचा 'बरा' हा रोगाबद्दलचा शब्दच नाही. तो रामराम आहे. आपण रामराम मोजलेत." डॉक्टरांनी एक कार्ड उचलून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या गोळ्या खोट्या?" तो म्हणाला, "तसंही नाही म्हणता येत. आम्ही पाहिलेले माळावरचे दोघं रोगी खरंच निवळलेत आणि तेही यायचे थांबलेत. गोळ्या चांगल्या असतील. पण आत्ता आपल्याला ते माहीत नाही, एवढंच मी म्हणतोय." म्हातारे डॉक्टर उठले. मग त्यांनी सहीचे सगळे कागद उचलून कपाटात ठेवले. सगळ्यांची नव्यानं तपासणी ठरली, कानाची पाळी जराशी चिरून तिथला रस जंतू बघायला काचेवर घ्यायचा, मग काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा, आणि परत पुन्हा.

मी आत घुसलो. आजही आठवलं की डोकं गरम होतं. म्हटलं, "साहेब, बजार महिन्यावर आला. माह्या जागेवर भाचा बसून राह्यला. तुमाले तुमचं शास्त्र करायचं तं दुसऱ्यावर करा!"

"दलालभाऊ, दात न बघता कोणी बैल घेईल का?"

"बैल म्या विकतो. म्या बैल नाई!"

तो ओशाळला. खरंच ओशाळला. पण कागद काही कपाटातून निघाला नाही. उन्हाळी बाजार माझ्याशिवाय भरला आणि उठला. पोळ्याला रस्त्यावरून सजवलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तेव्हा मी फाटकाच्या आत उभा होतो.

तपासणीत हाताला जाण आहे का हे बघायचा एक भाग असे. डोळे मिटायचे, तो कापसाची वात बोटाला लावायचा आणि विचारायचा, "कळलं?" आता मी दलाल माणूस. समोरच्याचा श्वास, आवाज, थांबणं, सगळं वाचत मोठा झालो. डोळे मिटून मी नुसत्या त्याच्या आवाजावर सांगू लागलो. कळलं. कळलं. आता नाही. कळलं. सगळं जमत होतं. मी मनात म्हणत होतो, बघ लेका, कागद कसा काढून घेतो. मग त्यानं विचारलं, "कळलं?" मी म्हटलं, "कळलं."

"डोळे उघडा," तो म्हणाला.

त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. वात टेबलावर पडलेली होती.

"हे तुमी फसवणं झालं!" मी ओरडलो.

"हो," तो म्हणाला. "मधूनमधून न लावता विचारलं नाही, तर कोणाचंच खरं कळत नाही. तुमचं नाही नि माझंही नाही. मलाही वाटत होतं, तुम्हाला कळतंय. मला तसं वाटून घ्यायचं होतं."

दिवाळीनंतर त्याचं काम संपलं. जंतूंच्या बाबतीत माझ्या काचा दर वेळी स्वच्छ निघाल्या. डॉक्टर सही करायला तयार होते, पण मजकूर साहेबानं घातला होता. आजवरच्या तपासण्यांत जंतू आढळले नाहीत, याच्यापासून दुसऱ्याला धोका असल्याचं दिसत नाही, उजव्या हाताच्या बोटांची बधिरता कायम आहे. मी दोनदा वाचलं. "बरा" कुठंच नव्हतं.

आयुष्यात मी इतकी घासाघीस कोणाशी केली नाही. म्हटलं, "एक शब्द लिवा, साहेब. शेवटी लिवा, बारीक लिवा."

"नाही लिहिता येत."

"बरं, 'बराच बरा' लिवा."

"त्यात तर दोनदा आला!" तो हसला.

"मंग 'बरा वाटतो' लिवा. वाटाले काय लागते?"

"कोणाला वाटतो?"

"तुमाले."

हसणं थांबलं. तो म्हणाला, "तुमच्यासाठी लिहीन. हात जड होईल, पण लिहीन. मग त्या अल्लीपूरच्या आजींच्या कार्डावरही तो राहू द्यावा लागेल. त्या पायासकट. चालेल?"

मला चाललं असतं. ते तोंडावर आलंही होतं. पण त्या बाईचा पाय डोळ्यांपुढं आला आणि तोंड मिटलं. माझी तक्रार हीच आहे. भाव पाडायचा तर माणसानं पैशानं पाडावा. त्यानं मला त्या पायानं पाडलं.

स्टेशनवर त्याला सोडायला बंडी मीच नेली. दुसरं कोणी बैलांना नीट हाकलं नसतं. गाडीत बसल्यावर तो खिडकीतून म्हणाला, "दलालभाऊ, अजून एकच विचारू द्या. तुम्हाला बरं व्हायचंय ते कशासाठी?"

"धंद्यासाठी. हे काय पुसणं झालं?"

तो काहीतरी सांगणार होता. मला दिसलं ते. ओठ हलले. पण शिट्टी झाली, गाडी हलली, आणि त्यानं नुसता हात वर केला. मी केला नाही. मी रागात होतो, बंडी फिरवली आणि मागं न बघता निघालो.

त्या आठवड्याच्या बैलबाजारात मी पुन्हा दुपट्टा घेऊन बसलो. नत्थू समोर आला. पायाला हात लावावा की नाही, या विचारात वाकून अर्ध्यातच थांबला. "मामाजी, कागद आनला?" मी फेकला त्याच्या अंगावर. त्याला वाचता येत होतं. त्यानं चार माणसांत मोठ्यानं वाचला. "बरा झाला असं तं नाई लिवलं," कोणीतरी म्हणालं. पण आर्वीकडचा एक जुना व्यापारी, माझ्याशी असंख्य सौदे केलेला, कागद हातात घेऊन म्हणाला, "दुसऱ्याले धोका नाई असं लिवलं हाये ना? आपल्याले तेवढंच पाह्यजे. येऊ दे दुपट्टा." आणि तो माझ्यासमोर मांडी घालून बसला.

गवळाऊ जातीच्या बैलांची एक सुरेख जोडी विकायला होती. पांढरीशुभ्र, चपळ. धनी केळझरकडचा शेतकरी, शेजारी उभा. मी दुपट्टा पसरला आणि त्याच्याखाली हात घातला. व्यापाऱ्यानं घातला. वरून तो कपाशीच्या भावाबद्दल बोलत होता, मीही बोलत होतो. सगळा बाजार बघतोय असं मला वाटलं आणि छाती भरून आली. तो बोलायचा थांबला. माझ्याकडे बघू लागला. म्हणजे त्यानं बोटं दाबली होती आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

माझ्या हातात काहीच नव्हतं. त्याचा हात आहे की दुपट्ट्याची घडी आहे, हेही मला सांगता आलं नसतं.

त्याचा चेहरा मला वाचता येत होता. डोळे थोडे बारीक झाले होते, म्हणजे भाव त्यानं खाली पाडून सांगितला असणार. मी अंदाजानं उत्तर दाबू शकत होतो. बहुतेक जमलंही असतं. एकदा जमलं असतं, दोनदा जमलं असतं. मग कधीतरी एखाद्याची जोडी माझ्या अंदाजानं मातीमोल गेली असती.

"तोंडानं बोल," मी म्हटलं.

व्यापारी दचकला. "काय?"

"भाव तोंडानं बोल. साऱ्याइले आयकू दे."

त्यानं हात काढून घेतला, धोतर झटकलं आणि उठला. भाव तोंडानं बोलणारा व्यापारी त्या बाजारात नव्हता. नत्थूनं हळूच त्याला आपल्या बाजूला बोलावलं. केळझरचा शेतकरी तेवढा माझ्यापाशी राहिला. त्यानं वाकून विचारलं, "काऊन भाऊ, किती देत होता थो?"

"मले नाई कळलं," मी म्हटलं.

त्यानंतर दलालीत मी पुन्हा बसलो नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बोलावलं आणि न येणाऱ्यांच्या दारी जायचं काम दिलं. बंडी तीच, वाटा त्याच. पगार मी भांडून वाढवून घेतला, पण ते जू मानेवर बसलं ते बसलंच. म्हणजेसाहेब कुठल्या दुसऱ्या प्रांतात गेला असं नंतर ऐकलं, पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मीही बोलतो, चार माणसांत. पण बोटांनी सौदा कसा होतो हे बंडीत मीच त्याला सांगितलं होतं. बाजारात काय होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि स्टेशनवर तो ते बोलला नाही, यासाठी मी त्याला सोडणार नाही. त्या दिवशी बाजारात तो माझ्या समोर असता तर मी आधी त्याची गचांडी धरली असती, आणि मग म्हटलं असतं, काढ तुझी वही साहेब, अन् लिव, नाई कळलं.